हार्डनिंग बंद केलं की मशीन चालतं, मग बंदच ठेवू का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकच्या सातपूर एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपमध्ये सीएनसीच्या स्पिंडलवरचे सेन्सर वाचणारं एक डेटा कार्ड आहे. त्याचा ड्रायव्हर (कार्ड आणि पीसी यांना जोडणारा कोड) कार्ड विकणाऱ्या कंपनीने लिनक्स ४.४ च्या काळात लिहून दिला होता. लिनक्सच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या, मुख्य सोर्समध्ये तो नाही, वेगळा बांधून लोड करावा लागतो. आता औद्योगिक पीसी बदलला, त्यावर कर्नल ६.१ आलं. थोडी डागडुजी करून ड्रायव्हर कंपाइल झाला, चालूही झाला. पण ऑपरेटरने स्क्रीनवरचं हिस्टरीचं पान उघडलं की थोड्या वेळाने सगळं गोठतं आणि वॉचडॉग (मशीन अडकलं की ते पुन्हा चालू करणारा पहारेकरी) पीसी रीबूट करतो. मालक म्हणतात लाइटचा प्रॉब्लेम आहे, युपीएस बदला. बूटच्या ओळीत 'हार्डन्ड_यूजरकॉपी=ऑफ' घातलं, म्हणजे कर्नल आणि युजर प्रोग्राम यांच्यातल्या कॉपीवरची हार्डनिंगची (जादा सुरक्षेची) तपासणी बंद केली, की मात्र क्रॅश थांबतो. मग ते तसंच ठेवलं तर काय बिघडलं?

बिघडलं ते आधीच, ४.४ वर असतानाच. तेव्हा कोणी सांगत नव्हतं, आता सांगतंय. तुम्ही सिरियल पोर्टवरून काढलेल्या लॉगमधल्या या तीन ओळींत जवळजवळ सगळं उत्तर आहे:

यूजरकॉपी: कर्नल मेमरी एक्स्पोजर अटेम्प्ट डिटेक्टेड फ्रॉम स्लब ऑब्जेक्ट 'केमॅलॉक-१९२' (ऑफसेट १६, साइज २५६)!
कर्नल बग ॲट एमएम/यूजरकॉपी.सी
इनव्हॅलिड ऑपकोड: ०००० [#१]

तिसरी ओळ बघून बरेच जण भलत्या रस्त्याला लागतात. 'इनव्हॅलिड ऑपकोड' म्हणजे प्रोसेसर जुना आहे, कंपाइलरचा फ्लॅग चुकला, असं वाटतं. तसं काही नाही. कर्नलला 'पुढे जाण्यात अर्थ नाही' असं वाटलं की ते बग नावाचा मॅक्रो चालवतं. एक्स८६ वर तो मुद्दाम यूडी२ ही बेकायदा सूचना चालवतो आणि त्यातून हा अपवाद उठतो. लॉगच्या 'कोड:' ओळीत कोनी कंसातला बाइट '०एफ' आणि त्याच्या पुढचा '०बी' असेल तर तो हाच यूडी२. म्हणजे इथे कर्नल कुठे धडपडलेलं नाही, त्याने स्वतःहून थांबायचं ठरवलं आहे. आरआयपीच्या (कर्नल जिथे थांबलं तो पत्ता) पुढे 'यूजरकॉपी_ॲबॉर्ट' दिसतं तेही याचमुळे, त्या फंक्शनमध्ये दोष शोधत बसू नका.

आता पहिली ओळ. ती शब्दशः वाचायची असते, आणि तुम्ही ती वाचलेली नाही असं मला तुमच्या प्रश्नावरून वाटतं. 'एक्स्पोजर' आणि 'फ्रॉम' म्हणजे कर्नलच्या मेमरीतून युजर प्रोग्रामकडे कॉपी होत होती, 'कॉपी_टू_यूजर'. उलट दिशा असती तर 'ओव्हरराइट' आणि 'टू' आलं असतं. स्लब म्हणजे कर्नलमधली मेमरी वाटणारी व्यवस्था आणि ऑब्जेक्ट म्हणजे तिने दिलेला मेमरीचा तुकडा. 'केमॅलॉक-१९२' म्हणजे ज्या डब्यातून ही मेमरी घेतली तो १९२ बाइटचा. ऑफसेट १६ म्हणजे ऑब्जेक्टच्या सुरुवातीपासून १६ बाइट सोडून कॉपी सुरू झाली. साइज २५६ म्हणजे एवढे बाइट मागितले. १६ अधिक २५६ बरोबर २७२. डबा १९२ चा. म्हणजे ८० बाइट शेजारच्या ऑब्जेक्टमधले, ज्याचा तुमच्या कार्डाशी काडीचा संबंध नाही. तिथे कोणत्या तरी सॉकेटचा हिशेब असेल, कोणाच्या किल्लीचा तुकडा असेल. ४.४ वर ते ८० बाइट दर वेळी निमूट हिस्टरीच्या पानाकडे जात होते. प्रोग्राम त्यातले कामाचे तेवढे वाचायचा, म्हणून कोणाला काही दिसलं नाही.

लाइटचा मुद्दा इथेच निकालात निघतो. तुम्ही पाठवलेल्या दोन्ही लॉगमध्ये तोच डबा, तोच ऑफसेट, तीच साइज आहे. विजेच्या झटक्याने, खराब अर्थिंगने किंवा बिघडलेल्या रॅमने मेमरी बिघडली तर आकडे दर वेळी वेगळे येतात, फंक्शनही वेगळं येतं. सातपूर-अंबडमधल्या शॉपफ्लोअरवर व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारं उपकरण) आणि वेल्डिंगच्या शेजारी पीसी ठेवलेले असतात, त्यामुळे मालकांचा संशय वेडगळ नाही. पण वीज कधी दर वेळी मोजून २५६ मागत नाही. युपीएस जरूर घ्या, वेगळ्या कारणासाठी.

ही तपासणी आली कुठून, हे थोडं सांगतो, कारण त्यावरून 'आत्ताच का' याचं उत्तर मिळतं. मूळ कल्पना पॅक्स आणि जीआरसिक्युरिटी या कर्नलच्या सुरक्षा-पॅचमधली. कर्नलच्या सुरक्षेवर काम करणाऱ्या केस कुक यांनी ती मुख्य कर्नलमध्ये आणली, २०१६ साली, आवृत्ती ४.८ मध्ये. तुमचा जुना पीसी ४.४ वर होता, म्हणजे तिच्या आधीचा. पुढे ४.१६ मध्ये दुसरा टप्पा आला: नुसतं ऑब्जेक्टच्या हद्दीत असणं पुरेसं नाही, त्या ऑब्जेक्टचा कोणता भाग युजरकडे जाऊ शकतो हेही जाहीर करायचं. तो टप्पा आधी ४.१५ मध्ये यायचा होता. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी तेव्हा हरकत घेतली, कारण चालू मशीन मारून टाकणारी तपासणी एकदम लादणं त्यांना मान्य नव्हतं. म्हणून ४.१६ मध्ये नुसता इशारा देऊन पुढे जाऊ देणारा एक पर्याय ठेवला गेला. तो पर्याय ५.१६ मध्ये काढून टाकला. म्हणजे ५.१० वर वर्षानुवर्षं इशारे देत चाललेला ड्रायव्हर ६.१ वर गेला की थेट बग. नाशिकमध्ये जुन्या मशीनला नवा पीसी जोडणारे सगळे या दोनपैकी एका पायरीवर अडखळतात. तुम्ही पहिल्या पायरीवर आहात.

'थोड्या वेळाने का गोठतं, लगेच का नाही' हे तुम्ही विचारलंत. बग झाल्यावर अख्खं कर्नल मरतंच असं नाही. इंटरप्टमध्ये नसेल आणि 'पॅनिक_ऑन_ऊप्स' (ऊप्स म्हणजे कर्नलने नोंदवलेली अशी गंभीर चूक) शून्य असेल तर फक्त त्या क्षणी चालू असलेला थ्रेड मारला जातो. इथे हिस्टरीचा थ्रेड मेला. पण मरताना त्याच्या हातात ड्रायव्हरचा म्युटेक्स (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) होता, आणि तो आता कोणीच सोडणार नाही. सेन्सर वाचणारा मुख्य प्रोग्राम पुढच्या वेळी तोच म्युटेक्स मागायला गेला की डी अवस्थेत, म्हणजे मारताही न येणाऱ्या झोपेत, अडकतो. वॉचडॉगला 'मी जिवंत आहे' सांगायचं काम त्याच प्रोग्रामकडे असावं. ते थांबलं की मुदत संपल्यावर रीबूट. तुम्ही आधी मोबाइलने काढून पाठवलेल्या स्क्रीनच्या फोटोत 'टास्क ब्लॉक्ड फॉर मोअर दॅन १२० सेकंड्स' होतं, ते या साखळीचं शेवटचं टोक. त्यावरून तुम्ही म्युटेक्सचा डेडलॉक शोधायला घेतला होता. कर्नलच्या लॉगमध्ये नेहमी पहिला 'कट हिअर' शोधा. पहिल्या ऊप्सनंतर जे येतं त्यावर विश्वास ठेवायचा नाही. टेंटच्या (कर्नलची शुद्धता गेल्याची खूण) अक्षरांत डी दिसला तर समजा की आधी एक ऊप्स होऊन गेलाय आणि तुम्ही दुसरा वाचताय.

म्हणून तपास चालू असेपर्यंत चाचणीच्या पीसीवर 'पॅनिक_ऑन_ऊप्स=१' आणि 'पॅनिक=१०' ठेवा, म्हणजे पहिल्याच घटनेला थांबून दहा सेकंदांत रीबूट होईल आणि लॉग स्वच्छ मिळेल. लॉग मिळवायला सिरियलइतकं भरवशाचं काही नाही. औद्योगिक पीसीला नऊ पिनांचा पोर्ट असतोच. पीएलसीवाल्याच्या बॅगेतली यूएसबी-सिरियल केबल आणि २-३ उलटा केलेला जोड पुरतो, 'कन्सोल=टीटीवायएस०,११५२००' एवढं बूटच्या ओळीत. ते जमत नसेल तर पीस्टोअर: युईएफआय असलेल्या मशीनवर ऊप्सचा लॉग फर्मवेअरच्या मेमरीत राहतो आणि रीबूटनंतर '/सिस/एफएस/पीस्टोअर'मध्ये सापडतो. सिस्टमडी असेल तर ती तो तिथून उचलून '/वार/लिब/सिस्टमडी/पीस्टोअर'मध्ये ठेवते, त्यामुळे पहिली जागा रिकामी दिसली तर घाबरू नका. मोबाइलचा फोटो हा शेवटचा उपाय. त्यात वरच्या ओळी नेमक्या निघून गेलेल्या असतात.

आता कॉल ट्रेस. तुमच्याकडे क्रम साधारण असा आहे: यूजरकॉपी_ॲबॉर्ट, त्याखाली चेक_हीप_ऑब्जेक्ट, चेक_ऑब्जेक्ट_साइज, मग तुमच्या ड्रायव्हरचं हिस्ट_रीड, मग व्हीएफएस_रीड आणि सिस्टम कॉल. वरून खाली येताना तपासणीच्या घरातलं नसलेलं पहिलं फंक्शन म्हणजे संशयित. ज्या नावाआधी प्रश्नचिन्ह आहे ते सोडून द्या. स्टॅकवर सापडलेला तो जुना पत्ता असू शकतो, खरी पायरी असेलच असं नाही. नावापुढच्या दोन आकड्यांपैकी पहिला म्हणजे फंक्शनच्या सुरुवातीपासून किती बाइट आत, दुसरा म्हणजे फंक्शनची एकूण लांबी. कर्नल सोर्समधल्या स्क्रिप्ट्स फोल्डरमध्ये 'एफॲडर२लाइन' आहे. तिला ड्रायव्हरची .केओ फाइल आणि ही नोंद दिली की सोर्सची ओळ मिळते. अट एकच: जी फाइल मशीनवर लोड होती तीच हवी, डीबग माहितीसह बांधलेली. पुन्हा कंपाइल केलेली 'तशीच' फाइल चालत नाही. एक ओळ इकडेतिकडे झाली तरी ती चुकीच्या ठिकाणी नेते आणि दिवस वाया जातो.

ती ओळ काय असेल हे एफॲडर२लाइन न चालवताही, ड्रायव्हरच्या कोडवरून सांगता येतं. ड्रायव्हरने मेमरी घेतली ती १६ बाइटचा हेडर आणि ८ चॅनेल, प्रत्येकी २० बाइट. म्हणजे १७६. आणि रीडमध्ये युजरने मागितलेला 'काउंट' जसाच्या तसा कॉपीला दिला आहे. हिस्टरीच्या पानाचा प्रोग्राम २५६ चा बफर घेऊन येतो. त्याची काही चूक नाही. रीड कॉलचा करारच असा आहे की मागणारा कितीही मागेल, देणाऱ्याने आहे तेवढंच द्यायचं.

इथे एक सापळा आहे, आणि मी पाहिलेल्या दुरुस्त्यांपैकी बऱ्याच त्यात अडकलेल्या असतात. लॉगमध्ये १९२ दिसतं. मग माणूस लिहितो: १९२ वजा १६ बरोबर १७६, काउंट १७६ च्या वर जाऊ द्यायचा नाही. क्रॅश बंद. सगळे खूश. पण कर्नलची मेमरी तयार कपड्यांच्या साइजसारखी मिळते: ८, १६, ३२, ६४, ९६, १२८, १९२, २५६ आणि पुढे. तुम्ही १७६ मागितलेत, १९२ चा मिळाला, उरलेले १६ बाइट ढगळ राहिले. तपासणीला फक्त साइजचा बिल्ला दिसतो, तुम्ही मुळात किती मागितले होते ते तिला ठाऊक नसतं. १७६ ची मर्यादा घातली की हेडरनंतरचे १६० खरे बाइट आणि वर १६ बाइट आधीच्या भाडेकरूचा कचरा, एवढं अजूनही बाहेर जातं. तपासणी गप्प, गळती चालू. मर्यादा १६० ची हवी, आणि ती लॉगमधून नाही, ड्रायव्हरच्या स्वतःच्या हिशेबातून यायला हवी. म्हणून मी नेहमी विचारतो: मेमरी किती घ्यायची हे कोणत्या ओळीने ठरवलं आणि किती द्यायची हे कोणत्या ओळीने? त्या दोन ओळींना एकच आकडा माहीत नसेल तर दोष तिथे. तपासणीने फक्त त्यांचं भांडण चव्हाट्यावर आणलं.

दुरुस्ती म्हणून: बफर आणि त्याची डेटा_लांबी एकाच स्ट्रक्चरमध्ये ठेवा, दोन्ही एकाच म्युटेक्सखाली बदला आणि वाचा, आणि रीडमध्ये स्वतः हिशेब करण्यापेक्षा 'सिंपल_रीड_फ्रॉम_बफर' वापरा. पोझिशन पुढे गेली आहे का, उरलं किती, मागितलं किती, हे सगळं ते बघतं. हिस्टरीच्या एका स्नॅपशॉटला ते चपखल बसतं. स्वतःच लिहायचं असेल तर काउंट आणि डेटा_लांबी दोन्ही साइझ_टी (कधीही ऋण न होणारा संख्याप्रकार) ठेवा. जुन्या ड्रायव्हरमध्ये 'मिन_टी(इंट, ...)' फार दिसतं. त्यात मोठा काउंट इंटमध्ये कोंबला की ऋण होतो, ऋण संख्या लहान म्हणून तीच निवडली जाते, आणि परत साइझ_टीमध्ये गेली की अवाढव्य होते. उणे ४ चे १८४४६७४४०७३७०९५५१६१२ होतात. अलीकडची कर्नल इंटमध्ये मावणार नाही एवढी साइज आली तर इशारा छापून कॉपीच नाकारतात, पण त्यावर विसंबून कोड लिहायचा नसतो. आणि केमॅलॉकच्या जागी केझॅलॉक करा, त्यात मेमरी शून्यांनी भरून मिळते. आठपैकी पाचच चॅनेल जोडलेले असतील तर उरलेल्या तीन जागांत जुना कचरा असतो, तोही हद्दीत असल्यामुळे कोणी अडवत नाही.

रीड झाला की आयओसीटीएल (ड्रायव्हरला रीड-राइटखेरीजचे हुकूम देणारा कॉल) बघा. तिथे स्थिर आकाराच्या कॉपी असतील आणि तुम्हाला वाटेल त्याही तपासल्या जातायत. चालू असताना होणारी ही तपासणी कॉपीचा आकार कंपाइलच्या वेळीच ठाऊक नसेल तेव्हाच होते. स्थिर आकार असेल तर कंपाइलरला ऑब्जेक्टचा आकार दिसत असेल तेवढंच तो बघतो. केमॅलॉकने घेतलेल्या पॉइंटरमागे किती जागा आहे हे त्याला पुष्कळदा दिसत नाही. म्हणजे लॉगमध्ये काही आलं नाही याचा अर्थ तिथे सगळं ठीक आहे असा नाही.

तर 'ऑफ' करून चालवावं का? तुमच्या लॉगची दिशा 'एक्स्पोजर' आहे. ऑफ केलंत तर गळती होईल, मशीन चालेल. पीसी कारखान्याच्या नेटवर्कवर नसेल, त्यावर दुसरं काही नसेल आणि शिफ्ट अडली असेल तर दुरुस्त ड्रायव्हर येईपर्यंत दोन दिवस तसं चालवणाऱ्याला मी शिव्या देणार नाही. पण दिशा 'ओव्हरराइट' असती तर एक तासही नाही. तिथे युजरचे बाइट शेजारच्या ऑब्जेक्टवर लिहिले जातात. आज हिस्टरीचं पान चालेल, उद्या फाइल सिस्टम बसेल, आणि तो लॉग तुमच्या ड्रायव्हरचं नावही घेणार नाही. ऑफ हे तपासाचं साधन म्हणून बरं आहे, क्रॅशचा रस्ता याच तपासणीतून जातो एवढं ते सिद्ध करतं. तेवढं सिद्ध झालं.

तुमची केस सोपी आहे, पण या ड्रायव्हरमध्ये पुढे आणखी काही निघेल असं त्याच्या वयावरून वाटतं, म्हणून जवळच्या केसेस सांगून ठेवतो.

ड्रायव्हरने स्वतःची कॅश (एकाच आकाराच्या ऑब्जेक्टचा वेगळा साठा) बनवली असेल, म्हणजे 'केमेम_कॅश_क्रिएट', तर संदेशात केमॅलॉकऐवजी त्या कॅशचं नाव येईल आणि ऑफसेट-साइजची बेरीज हद्दीत असूनही बग होईल. पाहणारा चक्रावतो, बेरीज पुन्हा पुन्हा करतो. कारण असं की केमॅलॉकचे डबे पूर्ण मोकळे असतात, पण स्वतंत्र कॅशमधून युजरकडे कॉपी करायला मुळात परवानगीच नसते, ती मागावी लागते. त्यासाठी 'केमेम_कॅश_क्रिएट_यूजरकॉपी' आहे, त्यात भाग कुठून सुरू होतो आणि किती मोठा हे सांगायचं. घाईत लोक शून्यापासून अख्खा आकार देऊन टाकतात. मग त्या स्ट्रक्चरमधले पॉइंटर, लॉक, सगळंच उघडं. एकच छोटं फील्ड द्यायचं असेल तर ते आधी स्थानिक व्हेरिएबलमध्ये घ्या आणि तिथून द्या, परवानगीची गरजच उरत नाही.

संदेशातलं नाव भलतंच असेल, तुम्ही कधी ऐकलंही नसेल, तर दोन शक्यता. एक, सारख्या आकाराच्या कॅश कर्नल एकत्र करतं आणि नाव पहिलीचं छापतं. 'स्लॅब_नोमर्ज' घालून बूट करा, नाव सुधारतं. दुसरी शक्यता वाईट: पॉइंटर शिळा आहे, मेमरी कधीच सोडून दिली आणि आता तिथे दुसरं कोणी राहतंय. यूजरकॉपीची तपासणी ऑब्जेक्ट जिवंत आहे की सोडलेला हे बघत नाही, त्यामुळे शिळा पॉइंटर तिच्या हाती फक्त असा योगायोगाने लागतो. साइज दर वेळी तीच पण डबा कधी १९२, कधी ९६, असं दिसलं तरी हाच संशय धरा. बहुतेकदा एक आयओसीटीएल चॅनेलची संख्या बदलून बफर नव्याने घेत असतो आणि रीडच्या हातात जुना आकडा राहिलेला असतो. ६.६ पासून 'केमॅलॉक-आरएनडी-०५-१९२' अशी नावंही दिसू शकतात. ती वेगळी भानगड नाही, एकाच साइजचे अनेक डबे ठेवून त्यात ऑब्जेक्ट विखुरण्याची सोय आहे.

'लिस्ट_डेल करप्शन', म्हणजे यादीतून नोड काढताना दुवे बिघडलेले सापडले, असं आलं तर त्यातले दोन पत्ते शेजारी लिहून काढा. मूल्य डेड०००००००००१०० किंवा शेवटी १२२ असेल तर तो नोड यादीतून आधीच काढलेला होता, पुन्हा काढला जातोय. मूल्यात ६बी ६बी ६बी असेल तर सोडलेली मेमरी वापरली जातेय, अर्थात स्लबचं पॉयझनिंग (सोडलेली मेमरी ठरावीक बाइटने भरणं) चालू असेल तरच हे दिसतं. आणि 'असायला हवा' व 'आहे' या दोन पत्त्यांत एकाच बिटचा फरक असेल तर ड्रायव्हर बाजूला ठेवा आणि रात्रभर मेमटेस्ट चालवा. तेव्हा मात्र मालकांच्या अर्थिंगच्या संशयाला मान द्या.

'एमएम/स्लब.सी'मध्येच बग आला आणि ट्रेसमध्ये केफ्री दिसलं तर तीच मेमरी लागोपाठ दोनदा सोडली असण्याची शक्यता मोठी. फ्रीलिस्ट हार्डनिंग (मोकळ्या ऑब्जेक्टच्या यादीची तपासणी) एवढंच स्वस्तात पकडतं, मध्ये दुसरं कोणी सोडलं असेल तर ते त्याच्या नजरेतून सुटतं. आणि 'मेमकॉपी: डिटेक्टेड फील्ड-स्पॅनिंग राइट' हा फोर्टिफायचा (कॉपीचे आकार तपासणाऱ्या सोयीचा) इशारा पुढे ६.१ पेक्षा नव्या कर्नलवर गेलात की तुमच्याकडे येणार याची मला जवळजवळ खात्री आहे. जुन्या ड्रायव्हरमध्ये स्ट्रक्चरच्या शेवटी 'डेटा[१]' लिहून त्यात वाटेल तेवढं भरण्याची पद्धत होती. ६.५ पासूनची कर्नल बांधताना कंपाइलरला तो एक घटक खरोखर एकच मानायला सांगितलं जातं. उपाय सोपा आहे: कंस रिकामा ठेवून फ्लेक्सिबल ॲरे करा. आकाराचा हिशेब मात्र सगळीकडे बदला, कारण साइझऑफमधून तो एक घटक आता गेलेला असतो. हा नुसता इशारा आहे, मशीन मरत नाही. पण तुमच्या पीसीवर कोणी 'पॅनिक_ऑन_वॉर्न' चालू ठेवलं असेल तर मरेल, ते आधी बघा.

आता सोळा बाइटच्या त्या सापळ्यासारखी गळती पकडायची कशी, जी यूजरकॉपीला दिसत नाही? त्यासाठी केसान, कर्नलमधलं मेमरीच्या चुका पकडणारं साधन. चाचणीच्या पीसीवर कर्नल केसानसह बांधा, ड्रायव्हरही त्याच कर्नलसाठी पुन्हा बांधा. ते मेमरीचा आठवा भाग नोंदींसाठी घेतं आणि मशीन ठळकपणे मंदावतं, म्हणून शॉपफ्लोअरवर नाही. पण त्याला तुम्ही १७६ मागितले होते हे ठाऊक असतं. १७६ च्या पुढचा पहिला बाइट वाचलात की ते ओरडतं, आणि ती मेमरी कोणत्या ओळीने घेतली, कोणी सोडली, दोन्ही ट्रेस छापतं. चालू मशीनसाठी केफेन्स आहे, ५.१२ पासून. ते सगळं बघत नाही, अधूनमधून एखादा ऑब्जेक्ट उचलून संरक्षित पानावर ठेवतं. मुळातली ठेवण १०० मिलिसेकंदांना एक आणि एकूण २५५ ऑब्जेक्टची, सुमारे २ एमबी मेमरी. वेग कळण्याइतका कमी होत नाही. तीन शिफ्टमध्ये महिनोन्‌महिने चालणाऱ्या पीसीवर हे अधूनमधून बघणंच उपयोगी पडतं, कारण तुमच्या टेबलावर जो क्रम कधीच येत नाही तो तिथे कधीतरी येतो.

स्लबचं डीबग, 'स्लब_डीबग=एफझेडपीयू,केमॅलॉक-१९२', हेही वापरता येतं आणि त्याला कर्नल पुन्हा बांधावं लागत नाही. एकच सावधगिरी: त्याने ऑब्जेक्टभोवती पट्ट्या लागतात आणि सगळी मांडणी बदलते. दोष दिसेनासा झाला तर तो गेला असं समजू नका.

दुरुस्त ड्रायव्हर तपासताना नुसतं हिस्टरीचं पान उघडून बघू नका. छोटा प्रोग्राम लिहा जो ०, १, १५९, १६०, १६१, १७६, १७७, २५६ आणि ४०९६ अशा साइजने वाचतो आणि परत आलेली संख्या कधीही १६० च्या वर नाही हे बघतो. केसानच्या कर्नलवर हाच प्रोग्राम, आणि त्याच वेळी दुसऱ्या थ्रेडमधून चॅनेलची संख्या आठवरून दोनवर, परत आठवर, असं बदलत राहा. दर बगनंतर पीसी रीबूट करा. मॉड्यूल काढून परत घालण्याचा प्रयत्न करू नका, मेलेल्या थ्रेडने धरलेला हिशेब तसाच राहतो आणि पुढचा निकाल खोटा येतो.

कार्ड विकणाऱ्या कंपनीला लिहाल तेव्हा 'नव्या कर्नलवर तुमचा ड्रायव्हर क्रॅश होतो' असं लिहू नका. उत्तर येईल की आम्ही ६.१ ला सपोर्ट देत नाही. लिहा की हिस्टरीच्या रीडमध्ये काउंटवर मर्यादा नाही, १७६ बाइटच्या बफरमधून २५६ कॉपी होतात, आणि हे ४.४ वरही होत होतं. सोबत पहिल्या ऊप्सचा पूर्ण लॉग, एफॲडर२लाइनने दिलेली ओळ आणि तुमचा पॅच जोडा. लॉग सुरुवातीपासून पाठवा, टेंटची ओळ कापू नका. आयओसीटीएलमधलं काही सापडलं तर त्याची वेगळी मेल करा, एकातच घुसडू नका.